७ दिवसांचा डिटॉक्स केला, बरणीत ४१ खडे जमले. पुढे काय?

चिंतातुर_चिंतू | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो. पण आज लिहिल्यावाचून इलाज नाही. घरात तीन दिवस अबोला आहे आणि त्याचं मूळ आमच्या फ्रीजमध्ये, मेतकुटाच्या बरणीत आहे.

सुरुवातीपासून सांगतो. वय ४६, बैठी नोकरी, कोथरूड. फेब्रुवारीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली. पित्ताशयात ९ मिमीचा एक खडा निघाला. आधी दोन-तीनदा लग्नाचं जेवण जेवून आल्यावर उजव्या बरगडीखाली दुखलं होतं, पार खांद्यामागपर्यंत कळ गेली होती. मी ते गॅसेसवर ढकललं. सर्जन म्हणाले, त्रास देतोय तर पित्ताशय काढून टाका, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. माझी तंतरली.

मावसभावाने एका वेलनेस कोचच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. फी ६,५०० रुपये. पाच दिवस रोज एक लिटर सफरचंदाचा रस, उकडलेल्या भाज्या. सहाव्या दिवशी दुपारनंतर उपास, संध्याकाळी इप्सम सॉल्टचं, म्हणजे जुलाबाच्या मिठाचं, पाणी दोनदा (चव विचारू नका), रात्री दहाला अर्धा कप ऑलिव्ह तेल आणि तेवढाच लिंबाचा रस, मग उजव्या कुशीवर निजायचं. सातव्या दिवशी पहाटे चारपासून जे सुरू झालं ते दहापर्यंत.

आणि खरंच खडे पडले! हिरवेगार, वाटाण्याएवढे, दोन तर सुपारीएवढे. मोजून ४१. कोच म्हणतो अभिनंदन, हे लिव्हरमधलं वर्षानुवर्षांचं साचलेलं, खडे पडायचे थांबेपर्यंत दर महिन्याला करत राहा. पुढच्या बॅचची फी वेगळी.

प्रश्न असे: १) आता ऑपरेशन टळलं का? २) कुणी परत परत केलंय का? ३) बायकोला कसं समजवावं?

खमंग_चकली | शनिवार, रात्री १०:५२

थांबा थांबा. ४१ मोजलेत म्हणजे गाळलेत कशाने???

चिंतातुर_चिंतू | शनिवार, रात्री १०:५५

अबोल्याचं कारण तेच. चहाची गाळणी.

खमंग_चकली | शनिवार, रात्री १०:५६

वहिनींना साष्टांग दंडवत. मी असते तर माहेरी गेले असते, जाताना चहाचं सगळं सामान घेऊन. (पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. नको, राहू दे, आज काहीच खाववत नाही.)

सोनचाफा | शनिवार, रात्री ११:३०

चिंतूदादा, मी निवृत्त नर्स आहे. २२ वर्षं एंडोस्कोपीच्या खोलीत काढली, त्यामुळे या विषयाची मला किळस नाही.

आधी एक काम करा. बरणीतला एक खडा एका वाटीत ठेवा आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवा. पाणी अंगापेक्षा थोडं गरम, ४० अंशांच्या आसपास, बाळाच्या अंघोळीला घेतो तसं. दहा मिनिटं थांबा. काय होतं ते इथे लिहा. वाटी नंतर टाकून द्या, वहिनींना सांगू नका.

दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी परत करा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, कोचकडे नाही.

आणि हे नीट वाचा: पोटात कळ येऊन थांबेना, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ग्रुपात विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल. खडा नळीत अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. ते दुखणं मी पाहिलंय. धडधाकट माणूस गुडघे पोटाशी घेऊन रडतो.

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ७:१५

सोनचाफाताईंनी प्रयोग दिला आहे, तेव्हा उत्तर फोडत नाही. पण आधी गणित करू. (३१ वर्षं सांगलीत रसायनशास्त्र शिकवलं, खोड जात नाही.)

सोनोग्राफीत खडा किती? एक. बाहेर पडले किती? ४१. पित्ताशय म्हणजे जेमतेम ३० ते ५० मिली पित्त मावणारी पिशवी. तिथून आतड्याकडे येणारी मुख्य नळी साधारण ६ मिमी रुंद. तुमचा ९ मिमीचा खडा कळ आणत होता, आणि सुपारीएवढे दोन त्याच नळीतून तुम्ही झोपेत असताना आवाज न करता निघून गेले?

बाकीचं प्रयोगानंतर.

पहाटवारा | रविवार, सकाळी ८:०५

लिव्हर फ्लशचं माहीत नाही, पण सरसकट सगळ्या शुद्धिक्रियांना झोडपू नका अशी विनंती. मी लोणावळ्यात योगाचा कोर्स केला तेव्हा शंखप्रक्षालन केलं आहे. कोमट मिठाचं पाणी दोन-दोन ग्लास प्यायचं आणि दर वेळी पाच आसनं: ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन. आमच्या तुकडीत पंचवीस जण आणि संडास आठ. पाचव्या-सहाव्या फेरीला माणसं आसन अर्धवट सोडून पळतात, ते दृश्य पाहण्यासारखं असतं. शेवटी प्यालेलं पाणी तसंच स्वच्छ बाहेर येतं. मग पाऊण तास शांत पडून राहायचं आणि मऊ मुगाची खिचडी, वर तूप ओतून. अशी खिचडी जन्मात खाल्ली नव्हती. पुढे काही दिवस दूध, तिखट, लोणचं, चहा बंद.

दोन दिवस पिसासारखं हलकं वाटत होतं. तो अनुभव खोटा कसा म्हणू?

सोनचाफा | रविवार, सकाळी ९:४०

पहाटवारा, खोटा नाहीच. आतडं रिकामं झालं की पोट सपाट आणि अंग हलकं वाटणारच. आमच्याकडे कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीला, येणारा प्रत्येक जण आदल्या रात्री हेच करतो, फक्त आसनांऐवजी पेग नावाची जुलाबाची पावडर असते. पाण्यात कालवून लिटरच्या हिशेबात प्यायची. शेवटी पिवळसर पाणी आलं की आम्ही म्हणतो, झालं, या.

२२ वर्षांत किती मोठी आतडी पडद्यावर पाहिली याचा हिशेब नाही. आतली भिंत गुलाबी, ओलसर, चकचकीत असते, खालच्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. पानावरच्या शिरा दिसतात ना, तशी. डिटॉक्सवाले सांगतात तो "भिंतीला चिकटलेला पाच-सात किलो जुना मळ" मला एकदाही दिसला नाही. चिकटणार कुठे? त्या भिंतीचा वरचा थर तीन ते पाच दिवसांत नवा होतो, जुना गळून जातो.

एक गोष्ट मात्र दिसायची. रोज रात्री चूर्ण घेतल्याशिवाय झोप न येणारे लोक. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं आतडं आतून तपकिरी-काळं, सापाच्या कातडीसारखं चट्ट्याचट्ट्यांचं. एक आजोबा पडद्याकडे बघून म्हणाले, "एवढं साफ ठेवून काळं कसं?" डॉक्टरांनी सांगितलं, साफ ठेवण्यानेच. तो रंग घातक नाही, चूर्ण बंद केलं की काही महिन्यांत फिकट होतो. पण आजोबांचा चेहरा अजून आठवतो.

मिठाच्या पाण्याबद्दल: बीपी, हृदय, किडनी यांपैकी काही असेल तर घरच्या घरी अजिबात नको. इप्सम सॉल्ट किडनीवाल्याने तर लांबूनच नमस्कार करावा. ते मॅग्नेशियम आहे, किडनीने बाहेर टाकलं नाही तर रक्तात चढतं.

बे_एरियाचा_बंड्या | रविवार, दुपारी १:२०

इकडची हकीकत. २०१६ च्या सुमारास ऑफिसात सगळ्यांनाच साफ व्हायचं होतं. मी एक "कोलन क्लेन्स" मागवला. डब्यावर फोटो होता: रबरासारखी लांब काळपट दोरी, खाली लिहिलेलं की हा तुमच्या आतड्यातला थर. चौथ्या दिवशी माझ्याही पोटातून हुबेहूब तशीच दोरी. मी घाबरलो आणि खूशही झालो. आईला फोन करून सांगितलं, जरा जास्तच तपशिलात.

आमची रूममेट बायोलॉजीवाली. तिने डब्यावरचे घटक वाचले: इसबगोल आणि बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची माती. एक चमचा पावडर ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवली. सकाळी ग्लास उलटा केला तर सळ्ळकन तीच दोरी, ग्लासच्या आकाराची. आतड्यात साचा आतड्याचा, एवढाच फरक.

इसबगोलवर माझा राग नाही हं. ते आपलं उत्तर गुजरातचं पीक, बद्धकोष्ठाला उत्तम. पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडं फाकलं तर फुगून घशात किंवा आतड्यात बूच बसतं.

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी २:००

बंड्या, छान. "पोटात मळ कुजून त्याचं विष अंगात भिनतं" ही कल्पना काही आजची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत तिची मोठी लाट होती. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढत. नोबेल मिळालेले मेचनिकॉफही आतड्यातल्या जंतूंना घाबरून आंबट दूध पिण्याचा प्रचार करत होते. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरने एक साधी गोष्ट दाखवून दिली: गुदाशयात नुसता कापूस भरला तरी तीच डोकेदुखी, तीच मरगळ येते, आणि कापूस काढला की लगेच जाते. विष भिनलं असतं तर इतक्या लगेच कसं गेलं असतं? तो ताण होता, आतून पडलेल्या दाबाचा.

स्वदेशी_पाटील | रविवार, दुपारी ३:१०

झालं सुरू! आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं सगळं थोतांड आणि गोऱ्यांनी सांगितलेलं शास्त्र. ॲलोपथीवाल्यांना ऑपरेशनचं बिल लावायचं असतं म्हणून हे उपाय दाबले जातात.

खमंग_चकली | रविवार, दुपारी ३:२२

पाटील, सफरचंद रस + इप्सम + ऑलिव्ह तेल, यातलं कुठलं आपल्या पूर्वजांचं? माझ्या आजीने ऑलिव्ह तेल बघितलंसुद्धा नव्हतं. आणि इप्सम हे इंग्लंडातलं गाव आहे हो, तिथल्या झऱ्याच्या पाण्यातून ते मीठ काढायचे.

आजीचं औषध एकच, एरंडेल. सुट्टीत महिन्यातून एकदा सगळ्या नातवंडांना ओळीने बसवून, चहात घालून. नाक दाबायला काकू, पळणाऱ्याला धरायला काका. त्या चहाच्या वासाने मला आजही मळमळतं.

निशिगंध_वैद्य | रविवार, दुपारी ४:४५

आयुर्वेदाचं नाव निघालं म्हणून लिहिते, माझा व्यवसायच तो आहे. पंचकर्म म्हणजे डिटॉक्स, हे समीकरण आमच्याच काही मंडळींनी पर्यटकांसाठी केलं, त्याची मला लाज वाटते. "आम" म्हणजे नीट न पचलेला अंश, त्या शब्दाचं भाषांतर टॉक्सिन असं करणंही चूक.

पंचकर्मातलं विरेचन, म्हणजे औषध देऊन केलेले जुलाब, कसं असतं बघा. आधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप, मग अभ्यंग (तेलाचं मालिश) आणि स्वेदन (शेक देऊन घाम काढणं), मग विरेचनाचं औषध. वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते, मोजायचे: दहा, वीस, तीस, त्यावर शुद्धी हलकी, मध्यम की उत्तम ते ठरतं. आणि लोक जे टाळतात ते त्यानंतर येतं, संसर्जन क्रम, म्हणजे हळूहळू जेवणावर परत येणं. पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), मग साधं मुगाचं कढण, मग फोडणीचं. तीन, पाच किंवा सात दिवस. माझे निम्मे पेशंट पेयेवर कंटाळतात आणि दुसऱ्या दिवशी मिसळ खाऊन फोन करतात. रुग्ण बघून, ऋतू बघून, नाडी, बल, वय बघून हे ठरतं. गर्भिणी, अशक्त, म्हातारे यांना बहुधा नाहीच. व्हॉट्सॲपवर शंभर जणांना एकच वेळापत्रक पाठवणं याला मी उपचार म्हणत नाही.

९ मिमीचा कळ देणारा खडा घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मी सर्जनकडेच पाठवते.

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी ५:०२

वैद्यताई, प्रांजळ लिहिलंत. एक खोचक प्रश्न विचारू? वेग तीस झाले म्हणजे शुद्धी उत्तम हे कशावरून? बाहेर किती पडलं यावरून आत काय सुधारलं हे कसं ठरतं? कोचही बाहेर पडलेल्या खड्यांवरूनच अभिनंदन करतो आहे.

निशिगंध_वैद्य | रविवार, रात्री ९:३०

मास्तर, नुसते वेग नाही मोजत, लक्षणंही बघतो: भूक लागणं, हलकेपणा, वात सुटणं. पण तुमचा रोख कळला. चांगल्या, मोठ्या चाचण्या कमी आहेत हे मान्य. वाद लांबवत नाही, ओपीडी होती, दमले.

नागपूरची_नलू | सोमवार, सकाळी ६:५०

आमच्या बागेत पहाटे फिरायला येणारा अर्धा घोळका दुधीचा रस पिणारा आहे बाप्पा. म्हणून एकच सांगते, चव बघितल्याशिवाय रस काढू नका. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन गेले. नंतर आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने) समिती नेमली होती. तिचं सांगणं आमच्या सासूबाईंचंच: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका. त्यात कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं, त्यावर उतारा नाही. सासूबाई प्रत्येक दुधी आणि काकडी देठाकडून कापून चाखतात. आम्ही हसायचो. आता मीही चाखते. कारलं, आवळा मिसळून रस केला की कडूपणा कळतच नाही, तेच धोक्याचं.

आणि कोविडातला गुळवेलीचा काढा आठवतो ना? घरोघरी उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेल्या सहा जणांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वाद झाला. माझं म्हणणं इतकंच, लिव्हर साफ करायला घेतलेल्या गोष्टीही आधी लिव्हरलाच निस्तराव्या लागतात.

मालवणी_मुलूख | सोमवार, सकाळी ८:१५

इतकं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे पोट बिघडलं की उकड्या तांदळाची पेज, वर मिठाची चिमूट, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा (आजाऱ्याला नाही, बाजूला बसणाऱ्याला). दोन दिवसांत माणूस उभा.

अवांतर: अँटिबायोटिक्सचा कोर्स झाल्यावर "गट हेल्थ"साठी प्रोबायोटिक कॅप्सूल घ्याव्यात का? बायकोला केमिस्टने तीस दिवसांच्या दिल्यात.

सोनचाफा | सोमवार, सकाळी ११:००

मुलूखदादा, अँटिबायोटिकने होणारे जुलाब काही जणांत कमी होतात, त्यामुळे डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या. केमिस्टने दिल्या असतील तर विचारून घ्या. २०१८ मध्ये इस्रायलच्या संशोधकांना असं दिसलं की कोर्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जंतू परतायला उलट उशीर लागला. आपल्या पोटातली वस्ती फार मोठी आहे, माणसाच्या सगळ्या पेशींइतके जंतू. बाहेरून चार पाहुणे पाठवण्यापेक्षा घरच्यांना जेवू घातलेलं बरं. त्यांचं जेवण म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा: डाळी, उसळी, भाकरी, पालेभाजी, पेरू. रात्रीच्या गार झालेल्या भातातही थोडा न पचणारा स्टार्च तयार होतो, म्हणजे सकाळचा फोडणीचा भात अगदीच वाया नाही. (भात रात्री फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही.) ताक, नाचणीची आंबील आहेच.

आणि रोज झालंच पाहिजे हा हट्ट सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मलमध्ये धरतात. पंचेचाळिशीनंतर सवय अचानक बदलली, रक्त पडलं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं, तर मात्र चूर्ण नाही, तपासणी. एक बाई आठ महिने मूळव्याध समजून चूर्ण घेत होत्या. आमच्या टेबलावर आल्या तेव्हा दुर्बीण पुढे सरकेना. त्याच्यापुढे नाही लिहीत.

कांचनमृग | सोमवार, दुपारी १२:४०

वडिलांना मी उरुळी कांचनला दहा दिवस ठेवलं होतं. गांधीजी १९४६ मध्ये तिथे राहिले, तेव्हापासूनचा निसर्गोपचार आश्रम. मातीच्या पट्ट्या, एनिमा, बिनतेलाच्या भाज्या, रात्री नऊला दिवे बंद. बाबा परत आले ते शुगर उतरवून. एनिमाने की दहा दिवस वडापाव न मिळाल्याने, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

चिंतातुर_चिंतू | मंगळवार, रात्री ९:५०

प्रयोग केला. स्टीलची वाटी, गरम पाणी, मुलीचा ताप मोजायचा थर्मामीटर. चौथ्या मिनिटाला खड्याच्या कडा ढिल्या पडल्या. आठव्याला तो बसला, म्हणजे अक्षरशः बसका झाला. दहाव्याला वाटीत हिरवट तेलाचं थारोळं. बोटाने चोळलं तर बुळबुळीत.

मुलगी म्हणाली, बाबा, हा साबण आहे का?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री १०:१०

मुलीला माझ्यातर्फे शाबासकी. साबणच आहे.

२००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अगदी तुमच्यासारखीच हकीकत छापली. बाईंना पित्ताशयात खडे, त्यांनी सफरचंद रस, ऑलिव्ह तेल, लिंबू घेतलं, हिरवे गोळे पडले, त्या ते फ्रीजरमध्ये घालून घेऊन आल्या. तपासले तर खऱ्या खड्यांत असतं त्यातलं काहीच नाही: कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही. चाळीस अंशांवर दहा मिनिटांत वितळले. तीन चतुर्थांश भाग मेदाम्लं, म्हणजे तेल-तुपातली फॅटी ॲसिड्स. तेल पोटात गेलं की पाचकरस त्याचे तुकडे करतात, सुटलेली मेदाम्लं लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी वगैरे जुळतात आणि गोळे होतात. त्यांनी टेबलावर ओलेइक आम्ल (ऑलिव्ह तेलातलं मुख्य मेदाम्ल), लिंबाचा रस आणि जरासं पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून तसेच गोळे करून दाखवले, वाळल्यावर चांगले टणक झाले.

चिंतोपंत, तुम्ही सहा हजार पाचशे देऊन पोटात साबणाचा कारखाना टाकलात. उत्पादन ४१ नग. बंड्याची दोरी, पहाटवाराचं स्वच्छ पाणी, तुमचे खडे: तिघांनी जे वरून घातलं तेच खालून मोजलं.

पहाटवारा | मंगळवार, रात्री १०:३०

माझं पाणी तरी फुकट होतं, मास्तर.

चिंतातुर_चिंतू | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

सोनोग्राफी झाली. खडा एक, ९ मिमी, जागच्या जागी. कोचला रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, "तो पित्ताशयातला आहे, पडले ते लिव्हरमधले होते." वाटीचा व्हिडिओ पाठवला, तर ग्रुपातून काढलं. मावसभाऊही बोलत नाही, त्याने दोन बॅचचे पैसे भरलेत.

ऑपरेशनची तारीख घेतली. नवी गाळणी आणली, बायको बोलायला लागली.

स्वदेशी_पाटील | शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

काळजी घ्या. ऑपरेशनला शुभेच्छा. (मत बदललेलं नाही.)

चिंतातुर_चिंतू | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:१५

सगळ्यांचे आभार. चार बारीक छेद, दुसऱ्या दिवशी घरी. खांदा दोन दिवस दुखला, म्हणाले पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं. आता वरण-भात, दोडका, हळूहळू सगळं.

सर्जनने छोट्या बाटलीत खडा दिला. तपकिरी, चिंचोक्यासारखा चकचकीत. ताटलीत टाकला की टिंग वाजतो. मुलीने हट्टाने वाटी मागितली. गरम पाणी, थर्मामीटर, दहा मिनिटं. काही नाही. मग अर्धा तास. पाणी दोनदा बदललं. तो आपला तसाच, वाटीच्या तळाशी.

बायको म्हणाली, ठेवायचा तर ठेवा, मेतकुटाच्या बरणीत नाही.